पोटखराबा

आमच्याकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात. ‘रानात बकरी बसवलीत’ एवढं म्हटलं की हातकणंगले-शिरोळकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ऊस तुटून गेलेला असतो, खोडवा काढायचा ठरलेला असतो, रान मोकळं असतं. दिवस कलताना धनगराचा कळप येतो, खुंट्या ठोकून वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लागते आणि रात्रभर दोन-अडीचशे जीव त्या तुकड्यावर बसून राहतात. सकाळी वाघर उचलून शेजारच्या तुकड्यावर न्यायची. आठ-दहा रात्रींत एकर होतो.

लहानपणी अशा रात्री मी आबांबरोबर रानात झोपायचा हट्ट करायची. धनगराच्या बायकोनं, आम्ही तिला मामी म्हणायचो, तीन दगडांवर मांडलेली चूल विझत आलेली असायची. नुकती जन्मलेली कोकरं डालग्याखाली झाकलेली असायची, थंडी आणि लांडगा दोन्हींपासून. कुत्री वाघरेच्या बाहेर चार कोपऱ्यांना पडून राहायची. आणि सगळं गप्प झालं की रवंथ ऐकू यायचा. अडीचशे तोंडांचा रवंथ. तो आवाज कशासारखा असतो हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण वाळूवरून संथ पाणी जावं तसा काहीसा. आबांच्या घोंगडीचे केस गालाला टोचत असायचे आणि पहाटे डोळ्यांत झणझण उठायची. तो मुताचा वास.

त्या झणझणीला अमोनिया म्हणतात हे पुढे कॉलेजात कळलं. मी माती तपासण्याचं काम करते, गेली बरीच वर्षं. त्यामुळे आता मला हेही ठाऊक आहे, की तो वास म्हणजे हवेत उडून चाललेलं नत्र. बकरी उठली की आबा चहाही न घेता रानात कुळव का घालायचे, ते तेव्हा समजलं. लेंडी आणि मूत मातीआड झालं की नत्र मातीत राहतं. आबांना रसायनशास्त्राचा गंध नव्हता, पण नाकाला कळायचं. शेतीच्या पुस्तकांत शेणखतात अर्धा टक्का नत्र असतं आणि मेंढीखतात तीन टक्क्यांच्या आसपास, असं दिलेलं असतं. शिवाय उकिरड्यातून गाडीनं वाहून आणताना जे वाया जातं, ते इथं जात नाही. खत स्वतःच्या पायांनी चालत येतं, जागेवर पडतं आणि वर रात्रभर खुरांनी दाबलंही जातं.

हे धनगर मामा येतात आटपाडीकडून, माणदेशातून. त्यांचे वडील माझ्या आजोबांच्या रानात बसायचे. तेव्हा बिदागी जोंधळ्याची, पायलीच्या मापानं. आता रोख पैसे आणि वर चहा-साखर. दिवाळी झाली की तिकडचं गवत सरत येतं, तेव्हा वाडा निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढं मेंढके, मागं बायका. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानं उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, आणि मोकळ्या रानांवर उन्हाळा काढायचा आणि मृगाच्या तोंडावर परत फिरायचं. कोल्हापूरच्या पावसात मेंढरू टिकत नाही. खूर सडतात, लोकर भिजून जड होते, कोकरं गारठतात. म्हणून जिथं पाऊस कमी, तिथं पावसाळा काढायचा. ज्या प्रदेशाला आपण दुष्काळी म्हणतो तो त्यांचा पावसाळ्यातला आसरा.

ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला मला आमचंच रान खराब व्हावं लागलं.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. काळी, खोल जमीन. आजोबांच्या वेळी तिथं जोंधळा इतका उंच यायचा की आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. पाणी आलं, ऊस आला, आणि आबांनी इतरांसारखंच केलं. पाळी आली की पाणी सोडायचं, सरी तुडुंब भरेपर्यंत. रात्रीची वीज असायची, म्हणून मोटरीला ऑटो बसवला. वीज आली की मोटर आपोआप चालू. रान झोपेतही पाणी पीत होतं. काही वर्षांनी सकाळच्या उन्हात वरंब्यांवर पांढरं दिसू लागलं. आई म्हणाली, मीठ सांडल्यासारखं दिसतंय. ते मीठच होतं.

काळ्या जमिनीतून पाणी लवकर निचरत नाही. वरून ओतत राहिलं की खालची पातळी चढत येते. मग ऊन पाणी वर ओढतं. पाण्याबरोबर खोल मातीतले क्षार वर येतात, पाणी उडून जातं, क्षार राहतात. वर्षानुवर्षं हेच. शिरोळ-हातकणंगल्यात नदीकाठची हजारो एकर जमीन अशी गेली आहे. एके काळी या जमिनीवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या, आज तिथं लव्हाळा उभा आहे. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी आणखी भर घातली, पण सगळा दोष पुरावर टाकता येणार नाही. पूर चार-आठ दिवसांचा, आमची पाळी वर्षभराची.

त्या तुकड्याची माती मीच तपासली. सामू (पीएच) साडेआठच्या वर, विद्राव्य क्षार चारच्या वर. आबांचं नाव घातलेल्या कागदावर मी ‘क्षारयुक्त चोपण’, म्हणजे मिठानं बिघडलेली जमीन, असं लिहिलं. आजवर शेकडो शेतकऱ्यांना असे कागद दिलेत, हात कधी अडखळला नव्हता. आबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि एवढंच विचारलं, “म्हंजे आता सातबाऱ्यावर पोटखराबा लागणार?”

त्यांची भीती तीच होती. सातबाऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राच्या खाली पोटखराबा लिहिलेला असतो. खडक, ओढा, माळ, जे काही नांगराखाली येत नाही ते. बागायतदाराच्या कागदावर तो शब्द म्हणजे अंगावरचा डाग.

पाणीपुरवठ्याच्या कामातल्या एका जाणत्या माणसानं आबांना सांगितलं होतं, की आणखी पाणी द्या, मीठ धुऊन जाईल. आबांनी दोन हंगाम ते केलं. निचऱ्याला वाटच नव्हती, मग मीठ धुऊन जाणार कुठं? ते आणखी वर आलं. ते वर्ष आठवलं की मला अजून राग येतो, आणि त्यात स्वतःवरचाही असतो, कारण मी मातीच्या लॅबमध्ये बसून घरच्या रानाकडे उशिरा बघितलं.

त्या उन्हाळ्यात मामा आले तेव्हा आबा त्यांना त्या तुकड्यावर घेऊन गेले. मामांनी काठीनं पापुद्रा उकरला, चिमूटभर जिभेवर ठेवला, थुंकले. म्हणाले, “लई पाजलंसा आबा. तहान लागू द्या की त्येला. तहान लागल्याबिगर पाणी गोड लागतंय व्हय?”

मी तिथंच उभी होते. मला ते बोलणं तेव्हा गोड वाटलं, एवढंच. त्यात शास्त्र आहे हे कळायला श्रावण उजाडावा लागला.

श्रावणात मी मामांच्या गावी गेले. कोल्हापुरात एसटीत बसले तेव्हा खिडकीतून पाणी आत येत होतं. सांगली सोडल्यावर रिमझिम. विट्याच्या पुढं आभाळ भरलेलं, पण रस्ता कोरडा. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात हे बघायला मिळतं, आपण लक्ष देत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळात पाच-सहाशे. सह्याद्री ढगांना पश्चिमेलाच रितं करतो. आटपाडी, माण, जत यांच्या वाट्याला उरतं ते त्याहूनही थोडं, आणि तेही लहरी. आर्द्रा बरसलं तर पुनर्वसू कोरडं. एका वाडीवर पाऊस, शेजारच्या वाडीवर नुसती धूळ. अशा मुलखात एका जागी बसून राहणाऱ्यापेक्षा पाऊस पडेल तिकडं चालत जाणाऱ्याचं बरं चालतं.

माळ हिरवा होता. मला वाटलं होतं खुरटं, भकास काही असेल. गुडघ्याएवढं गवत, मध्ये हिवर, बाभळी, बोरी, तरवड. मामा चालता चालता नावं सांगत होते. हा पवन्या, ही मारवेल, ही हरळी, हे कुसळ. “पवन्या-मारवेल हाय तंवर माळ जित्ता. कुसळच कुसळ दिसाय लागलं की समजायचं, लई तुडीवलंय.” गवताच्या शास्त्रातही नेमकं हेच सांगतात. चराई अती झाली की गोड, बारमाही गवतं आधी जातात आणि कुसळासारखी चिवट उरतात. कुसळाचं टोक लोकरीतून कातड्यात शिरतं, जनावर बेजार होतं, म्हणजे चूक केली तर माळ स्वतःच टोचून सांगतो. मामांच्या माळावरही एका अंगाला कुसळ वाढलेलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही. तिथं का वाढलं तेही सांगितलं, त्याकडे येतेच.

पण आधी पाण्याचं सांगते, कारण मी त्यासाठीच गेले होते. गावाच्या खालच्या बाजूला पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळातल्या कामावर खोदलेला. मामांच्या आईनं त्यावर माती वाहिलेली. तलावाच्या काठचं गवत सगळ्यात दाट, सगळ्यात हिरवं. आणि कळप तिथं नव्हताच. कळप होता तीन-चार किलोमीटर लांब, वरच्या टेकाडावर, जिथं पाण्याचा थेंब साठत नाही. मी कारण विचारलं. मामा म्हणाले, “आत्ता खड्ड्याखड्ड्यात पाणी हाय. गवातबी वलं. बकरी दोन-दोन दिस पाण्याचं नाव घेत न्हाईत. आत्ता लांबचं खायाचं. तळ्याजवळचं आत्ताच खाल्लं, तर मार्गेसरात कुटं जायाचं?”

पावसाळ्यात लांबचं रान, थंडी पडू लागली की मधलं आणि सगळ्यात शेवटी पाण्याजवळचं. तेही सरलं की वाडा उचलून आमच्याकडे, नदीकाठाला. म्हणजे पाणी जवळ असताना त्याच्याजवळ जायचं नाही, हा त्यांचा हिशेब. तळ्याकाठचं गवत चार महिने न तुडवता उभं राहतं, बी धरतं, ते बी मातीत पडतं, मुळं खोल जातात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्या मुळांच्या वाटेनं आत मुरतं. टेकाड दिवाळीनंतर मृगापर्यंत मोकळं. कुणी ‘जमीन व्यवस्थापन’ असा शब्द वापरत नाही. कुणाच्या तरी बापानं सांगितलेलं असतं, कुठल्या नक्षत्राला कुठल्या टेकाडावर.

दुपारी ओढ्यात गेलो. वर वाळू कोरडी होती. मामांनी हातानं वाळू बाजूला करत कोपरापर्यंत खड्डा केला. तळाशी आधी ओल दिसली, मग थेंब, मग ओंजळभर पाणी. झिरा. ते हलेना म्हणून मामा उकिडवे बसून राहिले, बीडीही न पेटवता. गढूळ पाणी निवळलं. मग त्यांनी वाटीनं एका परातीत भरलं आणि आधी लेकुरवाळ्या मेंढ्यांना, चार-चार करून पाजलं. बाकीच्या लांब उभ्या राहिल्या. मी विचारलं, खड्डा मोठा का करत नाही? तर म्हणाले, मोठा केला की कड ढासळते, आणि “वरनं येतंय तेवढंच येनार. आपण मोटं भांडं लावून काय उपेग?” उठताना त्यांनी झिऱ्यावर बाभळीची काटेरी फांदी टाकली. संध्याकाळी दुसऱ्या वाड्याचा कळप यायचा होता, तोवर कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून.

मला आमचा ऑटो आठवला. वीज आली की आपोआप चालू होणारा.

आता त्या कुसळाच्या अंगाचं. मामांच्या माळाचा एक मोठा भाग आज कळपाला बंद आहे. एका डोंगरावर सलग समतल चर खोदून झाडं लावलीत आणि चराईबंदी आहे. पाणी मुरवायला चर हवेतच, ते काम वाईट नाही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले हे खरं आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण मामांच्या गावात बैठक झाली तेव्हा वाडे कोल्हापूरकडं गेलेले होते. ज्यांच्या पायाखालून वाट जाणार होती ते बैठकीलाच नव्हते. डोंगर बंद झाला, तेवढीच मेंढरं उरलेल्या माळावर आली, तिथं ताण पडला आणि कुसळ वाढलं. मग तेच कुसळ दाखवून लोक म्हणतात, धनगर माळ खाऊन टाकतात. हा आरोप मला फार अन्यायाचा वाटतो. जागा निम्मी करायची आणि मग गर्दीबद्दल बोल लावायचा.

दुसऱ्या बाजूला टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं आहे. कऱ्हाडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत माणदेशात नेलं. जिथं बायका टँकरची वाट बघत रात्री जागायच्या तिथं आज डाळिंब आहे, द्राक्ष आहे, काही ठिकाणी ऊसही. त्या पाण्याबद्दल तक्रार करण्याचा मला, पंचगंगेकाठच्या मुलीला, काडीचाही हक्क नाही. पण ऊस बघितला आणि पोटात गोळा आला. काळी जमीन, मोकाट पाणी, निचऱ्याचा विचार नाही. आमचा वीस गुंठ्यांचा तुकडा तिथं पुन्हा तयार होताना दिसला. आणि पडीक रानं बागायत झाली की कळपाच्या वाटा मिटतात. बांधावर फवारलेलं गवत खाऊन एका रात्रीत मेंढरं दगावल्याच्या गोष्टी मामींनी सांगितल्या, सांगताना कोकराच्या पाठीवरचा हात काढला नाही.

मामांच्या भावकीतल्या एकाचा सातबारा मी बघितला. ज्या टेकाडावर पवन्या गुडघ्याएवढा उभा होता, जिथं मोहरीएवढ्या चोचीचे पक्षी बी टिपत होते, लांडगा आणि खोकड दोन्हींचे माग होते, त्या टेकाडाच्या पुढं लिहिलं होतं: पोटखराबा. आमच्या मिठानं मेलेल्या तुकड्यापुढं अजूनही लिहिलेलं आहे: बागायत, ऊस. मी दोन्ही माती पिशवीत भरून लॅबमध्ये आणल्या होत्या. टेकाडाची माती उथळ होती, हातभर खाली मुरूम. पण मुळांनी विणलेली होती, ढेकूळ पाण्यात टाकलं तरी फुटेना. आमच्या तुकड्याचं ढेकूळ पाण्यात पडल्याबरोबर विरघळून राड झालं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. चांगलं आहे. माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. सातबाऱ्यावर गवताला स्वतःचं नाव मिळावं आणि गावाच्या पाण्याची बैठक वाडा गावात असताना व्हावी, श्रावणात.

कोल्हापूरला हे समजायला अवघड जाऊ नये. राज्यभर ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, त्याची सगळी खुबी सोडून देण्यातच तर आहे. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, काढायचे, पुराचं पाणी आणि गाळ बिनबोभाट जाऊ द्यायचा. पाऊस ओसरला की बरगे घालायचे आणि उरलेलं तेवढं अडवायचं. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेल्या राधानगरी धरणाचं पाणी भोगावतीतून अशाच बंधाऱ्याबंधाऱ्यांनी खाली येतं. नदीच्या बाबतीत आम्हाला ठाऊक होतं, की कधी धरायचं आणि कधी सोडायचं. रानाच्या बाबतीत मात्र बरगे घातले ते काढलेच नाहीत.

दरवर्षी पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडेबाबा पायी चालत येतात आणि भाकणूक सांगतात. भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालेलं असतं, लोकर आणि खारीक-खोबरं उधळलेलं असतं, आणि लाखभर माणसं कान टवकारून पावसाचं ऐकत असतात. आम्ही लहानपणापासून जातो. गेल्या खेपेला गर्दीत मला वाटलं, की या जमिनीला पावसाबद्दल सांगायला कोण येतं बघा. कोरड्या मुलखातला, चालत आलेला माणूस.

आबांनी त्या तुकड्याचं पाणी तोडलं. एका दमात नाही, भांडण झालं, आईनं जेवण टाकलं, शेजाऱ्यांनी नावं ठेवली. ओढ्याच्या बाजूनं खोल चर काढला, म्हणजे पावसाचं पाणी मीठ घेऊन बाहेर पडेल. दोन पावसाळे हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून गाडला. गेल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात हरळी आली. हरळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण, पण आबा ती बघायला सकाळ-संध्याकाळ जात होते.

या माघात मामा आले. रान बघितलं, हरळीची एक काडी उपटली, दातांत धरली आणि काही न बोलता खुंट्या ठोकायला लागले. बिदागीचं बोलणं निघालं तेव्हा म्हणाले, “ह्या तुकड्याचं ऱ्हाऊ द्या. पुढल्या सालापास्नं.”

त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी रानात झोपले. आबांचे गुडघे आता ओल सहन करत नाहीत, तरी तेही आले. घोंगडी तीच, मधे विरलेली. कोकरं डालग्याखाली. रवंथाची वाट बघत पडले होते, पण बराच वेळ वेगळाच आवाज येत राहिला. खरखरीत, ओला, सावकाश. मी उठून बघितलं. चांदण्यात मेंढ्या माना खाली घालून जमीन चाटत होत्या.

“खारट लागत असंल,” आबा म्हणाले.

नदीकडून मोटरीचा आवाज येत होता. शेजाऱ्यांची पाळी होती. आमची बंद होती.